पिवळ्या टोपीवाला

"मावशी, दुसरा कंट्रोलर कोणी धरलाय?"

"कोणी नाही रे."

मी टीव्हीच्या मागून डोकं बाहेर काढलं. एचडीएमआय वायर नुकतीच खोचलेली. सुमितचा हातात धरून खेळायचा गेम स्टँडवर बसवला होता आणि त्याचं चित्र टीव्हीवर झक्कास आलं होतं. शकूमावशी एक कंट्रोलर घेऊन दिवाणावर बसलेल्या. दुसरा शेजारी चादरीवर पडलेला. पडद्यावर मावशींची लाल टोपीवाली बाहुली जागच्या जागी उभी, आणि पिवळ्या टोपीवाला मात्र आपला तुरुतुरु चाललेला!

सुमितला जाऊन वर्ष होत आलं. साधी कावीळ म्हणता म्हणता मावशी-काकांचा पोरगा हातचा गेला. माझ्या कोपर स्टेशनजवळच्या गेम-दुरुस्तीच्या दुकानात पडीक असायचा, म्हणून मावशींचा फोन आल्यावर शटर ओढून मी आलेलो. त्यांना त्याचा गेम मोठ्या पडद्यावर लावून हवा होता.

"घाबरू नका. कंट्रोलरची स्टिक झिजली की बाहुली आपोआप चालते. आमच्याकडे रोजचंच आहे हे," मी म्हणालो.

शिवरामकाका दारातच उभे होते, आत यायला तयार नव्हते. "ऐकलंस शकू? झीज आहे ती. आपण बौद्ध माणसं, भूतबीत मानत नाही. महेंद्र, बदलून टाक ती स्टिक. आत्ताच्या आत्ता."

"मी कुठे भूत म्हणतेय? पण त्याला हात लावायचा नाही," मावशी म्हणाल्या. "तो कायम मागे लागायचा, आई, टीव्हीवर लावू, दोघं खेळू. मी म्हणायचे, थांब, भाकऱ्या होऊ देत."

त्या खेळायला लागल्या. खेळता कुठे येतंय! पहिल्याच खड्ड्यात धपकन पडल्या. पुढे गेलेला पिवळ्या टोपीवाला थांबला. मावशींची बाहुली उठून शेजारी आली, तेव्हा कुठे तो हलला. पुढच्या खड्ड्यापाशी पुन्हा तेच.

आईशप्पथ, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. झिजलेली स्टिक एकीकडे ढकलत राहते, कोणाची वाट बघत नाही. मी तो कंट्रोलर उचलला तर गरम लागला. बॅटरी तापते, हे मला कळतं. तरी होता तिथेच पटकन ठेवून दिला.

"बदलतोयस ना?" काका ओरडले.

"बदलतो काका. पण मग तो हलणार नाही. तुम्ही दोघं काय ते ठरवा."

मावशींनी माझ्यापुढे चक्क हात जोडले.

तेव्हा काका आत आले. मावशी खेळायच्या थांबल्या होत्या, म्हणून पिवळ्या टोपीवालाही खड्ड्याच्या काठाशी थांबलेला. काका चष्मा पुसून त्याच्याकडे बघत राहिले.

"बाजारात हा असाच थांबायचा तुझ्यासाठी," ते मावशींना म्हणाले. "मी आपला पुढे निघून जायचो."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

"महेंद्र, ह्यात तिघांना खेळता येतं का रे?" काकांनी विचारलं.

"येतं की. अजून एक कंट्रोलर लागेल."

"घेऊन ये उद्या," काका म्हणाले, आणि मधली जागा सोडून दिवाणाच्या पार टोकाला बसले.