रिकामे म्यान

मी एक जुने म्यान आहे. तलवारीचे नव्हे मित्रांनो, पिस्तुलाचे. कमरेच्या पट्ट्यात ओवून उजव्या अंगाला लटकवतात ना, ते. एके काळी माझा रंग मधासारखा होता. आता साठ उन्हाळ्यांचा घाम आणि तेल पिऊन तो काकवीसारखा काळा पडला आहे.

माझे कातडे आधी एका खेचराच्या साजाचे होते. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या लाल मातीत अँब्रोज टिलरी नावाचा शेतकरी राहत असे. त्याचे क्लेम नावाचे खेचर म्हातारपणाने गेले आणि नांगराचा साज खुंटीला तसाच राहिला. अँब्रोजने त्यातले जाड कातडे कापले, पाण्यात भिजवले, पिस्तुलाभोवती घट्ट दाबून वाळवले आणि मेणाच्या दोऱ्याने शिवले. शिवताना तो मला म्हणाला, "क्लेमनं जन्मात कुणाला लाथ मारली नाही. तूही मारू नकोस."

ते दिवस वाईट होते. आमच्या काळ्या लोकांनी मतदार यादीत नावे घालायला नुकती सुरुवात केली होती. ज्याने नाव घातले त्याच्या घरासमोर अनोळखी मोटारी येऊन हळू होत. अँब्रोज ओसरीवर खुर्ची टाकून बसे, आणि मी त्याच्या कमरेला. त्याने कधी गोळी झाडली नाही. मोटारी हळू होत, त्याच्याकडे बघत आणि निघून जात. तेवढेच माझे काम होते. ते मी चोख केले.

अँब्रोजनंतर मी त्याच्या मुलाकडे आले. त्याचे नाव होझिया. तो आमच्या बेथपेज चर्चचा डीकन, म्हणजे धर्मगुरूचा उजवा हात. दुसऱ्या एका गावात प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर कोणी गोळ्या झाडल्या, त्यानंतर दर रविवारी होझिया चर्चच्या दाराशी उभा राहू लागला. एक डोळा रस्त्यावर, दोन्ही कान आत.

आणि आत काय असे म्हणून सांगू! आमचे धर्मगुरू रेव्हरंड गॅडिस प्रवचनाला उभे राहत ते शेजाऱ्याशी गप्पा माराव्यात तसे. मग बोलता बोलता आवाज चढे, शब्दांना लय लागे, आणि एका क्षणी बोलणे संपून गाणे कधी सुरू झाले ते कोणालाच कळत नसे. बाका डोलत, म्हाताऱ्या बायका हात वर करून "हो देवा, हो!" म्हणत. दाराशी उभ्या होझियाची कंबर डोले आणि तिच्याबरोबर मीही. मी मेलेल्या जनावराचे कातडे. पण त्या वेळी माझ्यातूनही काहीतरी सरसरत जाई. देव कातड्यालाही वगळत नाही, असे मला तेव्हा वाटे.

प्रवचनाआधी होझिया भजनाची एक ओळ नुसती बोलल्यासारखी म्हणे. मग सगळे ती ओळ लांब, संथ, ओढून ओढून गात. त्यात सर्वांत आधी उठणारा आवाज व्हर्लीनचा, होझियाच्या बायकोचा. सेहेचाळीस वर्षे त्याने ओळ दिली आणि तिने उचलली. मुलांचे बारसे असो, मरण असो, पूर असो, दोघांचे हे ठरलेलेच.

होझियाची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. रोज सकाळी पट्टा व्हर्लीनच बांधी.

"हात वर, मिस्टर टिलरी," ती म्हणे. "हे खेचर माझ्यापेक्षा तुमच्या जास्त जवळ असतं. लग्न कुणाशी केलंय ते एकदा ठरवा."

"खेचराशी नक्कीच नाही. खेचर इतकं बोलत नाही."

"म्हणूनच मेलं बिचारं. मनातलं मनातच ठेवून."

होझिया काळजी घेणारा माणूस होता. घरात पिस्तूल लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली त्याच्या गळ्यात. नातवंडांनी मला पाहिले, पण माझ्यातले पिस्तूल कधी पाहिले नाही.

पुढे दिवस बदलले. आमच्या गावाजवळ नवी घरे झाली, नवे लोक आले. ते वाईट नव्हते, पण त्यांची नजर थेट माझ्यावर येऊन अडके. दुकानात एखादी आई आपली ढकलगाडी मागे वळवून दुसऱ्या रांगेत जाई. एकदा भाजीच्या मांडणीपाशी एक तरुण मोठ्याने म्हणाला, "काय आजोबा, टोमॅटो अंगावर येतात वाटतं?" त्याचे मित्र हसले. होझियाने टोपी काढली, म्हणाला, "देव तुझं भलं करो, बेटा," आणि टोमॅटो न घेताच बाहेर आला. ट्रकमध्ये तो बराच वेळ चाकावर हात ठेवून बसून होता.

"मग घरी ठेवत जा ना ते," शेजारी बसलेली व्हर्लीन म्हणाली.

"चर्चच्या दाराशी मी आहे म्हणून आत आपली सिस्टर ओपल डोळे मिटून प्रार्थना करते, व्हर्ली."

"दुकानात कुठे ओपल आहे?"

होझियाने ट्रक सुरू केला. मग हळूच म्हणाला, "त्यांना मी दिसतच नाही. नुसती कंबर दिसते."

मित्रांनो, मी लोकांना दोष देत नाही. माझ्यासारखी म्याने कोणकोणत्या कमरांना असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याच्या कमरेला आपण इतकी वर्षे आहोत त्याच्याकडे कोणी असे पाहिले की कातडे आतून चिरते.

मग व्हर्लीनच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रिया शहरातल्या मोठ्या इस्पितळात, मंगळवारी सकाळी अकराला. सोमवारी तिला दाखल केले. भेटीची वेळ संपत आली तेव्हा होझिया ओळ द्यायला लागला, तर तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"आज नाही. आवाज थोडाच उरलाय, आज खर्च करायचा नाही. उद्या मला आत नेण्याआधी या. तुम्ही ओळ द्या, मी गाते. मग घेऊ देत काय घ्यायचं ते."

"साडेदहालाच येतो."

"टोपी नीट घालून या. कावळ्यासारखे येऊ नका."

मंगळवारी पट्टा बांधायला व्हर्लीन घरी नव्हती. होझियाने तो स्वतः बांधला. वाकड्या बोटांनी अर्धा तास लागला. सवयीप्रमाणे मी पट्ट्यात होते आणि पिस्तूल माझ्यात. चाळीस मैल ट्रक हाकून तो इस्पितळाच्या आवारात आला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. दारावर पाटी होती, शस्त्रे आत आणू नयेत. होझियाने पाटी पूर्ण वाचली. तो परत ट्रककडे गेला, पिस्तूल काढून आसनाखालच्या पेटीत ठेवले, कुलूप लावले. मग पट्ट्याला हात घातला आणि थांबला. मला काढायचे म्हणजे पट्टा सोडायचा आणि परत बांधायचा. पुन्हा अर्धा तास.

"रिकाम्याचं कुणाला काय भ्यायचंय?" असे पुटपुटून त्याने माझ्यावर कोट ओढला.

लिफ्टमध्ये निळ्या स्वेटरची एक बाई होती, हातात फुले. आमच्याकडे बाईमाणूस समोर असले की पुरुष टोपी काढतो. होझियाने हात वर नेला, हसून टोपी काढली. कोट उचलला गेला. बाईची नजर खाली आली.

"पिस्तूल कुठे आहे?" ती पुटपुटली.

"मॅडम, ट्रकमध्ये. कुलपात."

तिने ऐकलेच नाही. तिने भराभर सगळी बटणे दाबली. दुसऱ्या मजल्यावर दार उघडताच ती किंचाळत धावली, "याच्याकडे बंदूक होती! आता नाहीये! कुठेतरी ठेवलीय त्यानं!"

मित्रांनो, मी भरलेले असताना लोक तोंड फिरवीत. रिकामे दिसले तेव्हा पळत सुटले. चाकाच्या खुर्च्या आपटल्या, दारे धाडधाड बंद झाली. होझिया मात्र टोपी हातात धरून लिफ्टच्या दारात उभा होता. पळावे की थांबावे? आमच्या माणसाने अशा वेळी पळायचे नसते, हे त्याला बापाने शिकवले होते. तो थांबला.

कोल्बी नावाच्या पहारेकऱ्याने त्याचे हात भिंतीवर टेकवले, पट्टा सोडला आणि मला पट्ट्यासकट एका प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकले. मग होझियाला एका बिनखिडकीच्या खोलीत बसवले आणि पिशवी तिथेच टेबलावर ठेवली. दारावर घड्याळ होते. दहा चाळीस.

"बेटा, चौथ्या मजल्यावर माझी बायको आहे," होझिया म्हणाला. "अकराला तिला आत नेतील. मला हात बांधून ने, पण ने."

"आजोबा, सगळी इमारत तपासतायत. कुणाला हलवायचं नाही, तसा हुकूम आहे."

"मग नुसता निरोप दे. मी खालीच आहे म्हणून."

"फोन एकही लागत नाहीये." कोल्बी त्याच्याकडे न बघता म्हणाला. "बसा हो. माझ्या हातात असतं तर..."

पोलीस किल्ली घेऊन ट्रकपाशी गेले. जबाबासाठी त्या बाईलाही तिथेच आणून बसवले. 

"मी वेडी नाहीये," ती एकदम म्हणाली. "गेल्या वर्षी माझी बहीण दूध आणायला दुकानात गेली. एक माणूस आत आला आणि त्यानं गोळ्या झाडल्या. तोही आधी असाच हसला होता म्हणे."

होझिया तिच्याकडे वळला. घड्याळात दहा बावन्न.

"तिचं नाव काय होतं, मॅडम?"

"जोलीन."

त्याने डोळे मिटले आणि जोलीनसाठी प्रार्थना केली. मोठ्याने, रेव्हरंड करतात तशी, नाव पुन्हा पुन्हा घेऊन. बाई रडू लागली. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं का? पण अशा वेळी विचारतं कोण?"

"नाही विचारत," होझिया म्हणाला. "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही." आणि घड्याळाकडे पाहून त्याने मान खाली घातली. अकरा वाजून चार मिनिटे झाली होती.

पिस्तूल सापडले, परवाना जुळला, इमारत तपासून झाली. सोडले तेव्हा सव्वाबारा. पट्टा बांधायला तो थांबला नाही. एका हातात पिशवी आणि एका हाताने विजार धरून डीकन टिलरी चौथ्या मजल्यावर गेला. पिशवीतून मी सारे ऐकले.

"मिसेस टिलरी आत आहेत," परिचारिका म्हणाली. "खाली काही गोंधळ झाला म्हणून आमचा मजला बंद केला होता. त्या दाराकडेच बघत होत्या. म्हणाल्या, पाच मिनिटं थांबा, ते येतात. आम्ही थांबलो. पुन्हा पाच मिनिटं थांबलो. मग डॉक्टर म्हणाले, आता नाही थांबता येणार."

"मग?"

"मग त्यांनीच एक ओळ म्हटली. जाड, पुरुषी आवाज काढून, तुमची नक्कल केली असावी. आम्ही हसलो. आणि मग ती ओळ त्यांनीच गायली. आमच्यातलं कुणी हललं नाही हो."

 होझियाच्या हातातून पिशवी खाली पडली. ती लगेच कोणी उचलली नाही. नंतर परिचारिकेने ती व्हर्लीनच्या खोलीत कोपऱ्यात ठेवली.

दोन दिवसांनी व्हर्लीन उशीला टेकून बसू लागली. गळ्याला पट्ट्या, हातात पाटी. तिने पहिले वाक्य लिहिले, "कुठे होतात?"

ज्या माणसाने सत्तर वर्षांत कधी खोटे सांगितले नव्हते तो म्हणाला, "ट्रक बंद पडला, व्हर्ली."

तिने त्याच्याकडे पाहिले. मग लिहिले, "चालत यायचं."

होझियाने तिच्या हातावर तोंड ठेवले आणि वर केले नाही. ज्या माणसांनी अडवले त्यांच्यावर तिने राग धरू नये, म्हणून तो खोटे बोलला, असे मला वाटते. कदाचित त्याला लाज वाटली असेल. मी एवढी वर्षे त्याच्या अंगाशी होते, तरी हे मला सांगता येत नाही.

आता मी मागच्या खोपटात खिळ्याला टांगलेले आहे. पिस्तूल पेटीत आहे, किल्ली होझियाच्या गळ्यात. चर्चच्या दाराशी दुसरा जण उभा राहतो. होझिया बायकोशेजारी बसतो, ओळही देतो, असे मी ओसरीवरच्या बोलण्यातून ऐकले. पण तो आता शहरात जात नाही, दुकानातही जात नाही. टोमॅटो शेजारीण आणून देते. मला तेल लावले नाही त्याला दोन हिवाळे झाले. शिवण उसवते आहे.

माझी निगा राखा, असे मागणे मागायला मी ही गोष्ट सांगितली नाही. माझे वय झाले. तुमच्यापैकी ज्याच्या घरी शस्त्र असेल त्याने ते कुलपात ठेवावे, आणि जिथे नेऊ नये तिथे त्याचे म्यानही नेऊ नये. अर्धा तास लागला तरी पट्टा सोडावा. आणि मला पाहून भिऊ नका, असेही मी म्हणणार नाही. जोलीनच्या बहिणीला ते कोणत्या तोंडाने सांगू?

पण भीत असलात तरी दुरून, दाराआडून, पहारेकऱ्याला मध्ये उभे करून का होईना, त्या माणसाला एवढे विचारा, की आजोबा, कुठे निघालात? त्या सकाळी इस्पितळात त्याला पुष्कळांनी पुष्कळ विचारले. पिस्तूल कुठे आहे, किल्ली कुठे आहे, परवाना कुठे आहे. हे मात्र एकानेही विचारले नाही. विचारले असते तर त्याने सांगितले असते, चौथ्या मजल्यावर, बायकोचे गाणे ऐकायला.