तांत्रिक सल्लागारांची गाडी वळेना

हे तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणाला पटलेलं नाही, आणि ज्यांना पटलं त्यांनी नंतर येऊन शिव्या घातल्या. पण बॅटऱ्या चार्ज होईपर्यंत इथे बसून तुम्ही तरी काय दिवे लावणार आहात? तेव्हा ऐका.

रस्तेसाहेब म्हणजे रस्ते खात्यातले निवृत्त इंजिनियर. हयातभर त्यांनी गावातली वळणं आखली. लोक त्या वळणांवर गाड्यांचे दिवे फोडून घेत आले, तो अर्थातच लोकांचा दोष. निवृत्त झाल्यावर साहेब रिमोटच्या गाड्यांच्या क्लबात आले आणि कुणी विचारायच्या आत तांत्रिक सल्लागार होऊन बसले. खिडकीजवळची गुबगुबीत खुर्ची, पुढ्यात टेबल, टेबलावर हुद्द्याची पाटी. ज्याची गाडी नीट वळत नसेल त्यानं यायचं, साहेबांनी डोळे मिटून ऐकायचं आणि म्हणायचं, "कॅम्बर बघा." चाक किती कललंय ते बघा, एवढाच त्याचा अर्थ. पण म्हणायचे असे, जणू रोग्याची नाडीच धरली आहे.

घोळ एकच होता. साहेबांची स्वतःची गाडी वळत नव्हती.

बाकीच्या वळणांवर कसंबसं निभावून जायचं. पण क्लबाच्या हॉलमधल्या ट्रॅकच्या टोकाला कोपरासारखं दुमडलेलं एक वळण होतं, तिथे गाडी हटकून सरळ जाऊन कडेच्या फळीवर आपटायची.

"वळणच चुकीचं आखलंय," साहेब म्हणाले. "नियमात बसत नाही. काढून टाका."

"भाऊजी, माझी गाडी जाते की तिथून," मेव्हणी म्हणाली. ही साहेबांच्या बायकोची धाकटी बहीण, दातांची डॉक्टर. क्लबात हिच्यापुढे कुणाची गाडी जात नसे.

"तुझी जाते तो योगायोग."

"मग रविवारी होऊन जाऊ दे. तुम्ही पुढे आलात तर वळण काढू. मी पुढे आले तर ती खुर्ची माझी. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून कंबर धरते हो माझी."

हे सगळ्यांच्या देखत. नाही म्हणायची सोयच उरली नाही. आणि खुर्ची गेली तर साहेबांकडे उरणार काय? घरात त्यांना कांदा कसा चिरावा एवढंसुद्धा कुणी विचारत नव्हतं.

साहेबांनी जेवणाचं टेबल बळकावलं. पुढचे स्प्रिंग मऊ केले, मागचे कडक केले, पुढची चाकं आणखी कलती केली, धक्के झेलणाऱ्या शॉक-ॲब्सॉर्बरमधलं तेल बदललं, टायरला पकड यावी म्हणून कसलंसं उग्र वासाचं औषध चोळलं. सगळं एकाच बैठकीत. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर गाडी त्या वळणावर पोचली आणि अशी गर्रकन फिरली की शेपूट पुढे, नाक मागे. साहेबांनी तिथल्या तिथे निम्मे बदल उलटे फिरवले. कुठले निम्मे, ते त्यांना विचारू नका. गाडी पुन्हा फळीवर.

"एका वेळी एकच गोष्ट बदला ना," मेव्हणी म्हणाली. "मग कळेल तरी, फरक कशानं पडला ते."

"तुझा धंदा एकेक दात उपटायचा. आम्ही रस्ता खणतो तो सगळा एकदम खणतो."

"आणि बुजवता कधी, भाऊजी?"

त्यावर साहेबांनी ऐकू आलं नाही असा चेहरा केला. नोकरीत असतानाची सवय ती.

शनिवारी बायको टेबल पुसायला आली. चाकं काढलेली गाडी टेबलाच्या काचेवर ठेवलेली होती. फडक्याचा धक्का लागला आणि गाडी टकटक डुलली.

"अहो, ही डुलतेय. या टोकाला टेकतच नाहीये."

"टेबल वाकडं आहे."

"टेबल नाही हो वाकडं. गोटी ठेवली तरी जागची हलत नाही. तुमची गाडीच पिळली आहे."

पिळलीच होती. आपटून आपटून खालची पट्टी, म्हणजे चॅसी, ओल्या धोतरासारखी पिळली होती. वरचे स्क्रू सैल करायचे, गाडी काचेवर सपाट दाबून धरायची, पुन्हा आवळायचे, संपलं. साहेबांना हे कळलं नाही असं समजू नका. पण बायकोनं दाखवलेली चूक दुरुस्त करायची, म्हणजे ती चूक होती हे कबूल करणं आलं. तेवढी वेळ त्यांच्यावर जन्मात आली नव्हती. त्यांनी पुठ्ठ्याची घडी केली, डुलत्या टोकाखाली सरकवली, वरून बोटानं दाबलं. गाडी ढिम्म.

"बघ. झाली सरळ."

"बरं. आणि शर्यतीत तो पुठ्ठा शेजारून पळणार का?"

रविवारी क्लब तुडुंब. शर्यत सुटली, दोन्ही गाड्या बरोबरीनं वळणाशी आल्या. मेव्हणीची आतल्या बाजूनं सुळकन निघून गेली. साहेबांची फळीवर चढली, फळीवरून उघड्या खिडकीत आणि खिडकीतून थेट रस्त्यावर! रस्ता साहेबांनीच आखलेला. पहिल्या वळणावर ती सरळ न्हाव्याच्या दुकानात शिरली आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली. पुढच्या वळणावर लग्नाच्या फोटोत घुसली. त्या फोटोत नवरदेव अजून हवेत आहे. साहेबांच्या एकाही वळणावर ती वळली नाही. मालकाच्या खाल्ल्या मिठाला जागली.

इकडे मेव्हणी शर्यत संपवून खुर्चीपाशी आली, तर साहेब आधीच ऐसपैस बसलेले.

"उठा, भाऊजी."

"का म्हणून? शर्यत संपली कुठे? माझी गाडी धावतेय अजून. जरा लांबचा रस्ता धरलाय, एवढंच."

"हरलात तुम्ही!"

"गाडी येऊ दे. मग ठरवू."

न आलेली गाडी हरली म्हणायची कशी? साहेब तेव्हापासून तांत्रिक सल्लागार आहेत ते आहेतच, आणि गाडीही धावते आहे. परवा ती धरणाच्या भिंतीवर दिसली म्हणे, मागे कुत्र्यांची वरात. भिंत संपायला आली, खाली हे एवढं पाणी, आणि साहेबांनी इथे बसल्या बसल्या रिमोटचं चाक हलकेच फिरवलं, तर काय सांगू, गाडी अश्शी लोण्यातून सुरी फिरावी तशी—

"ओ थापाडे, पुरे!" मागच्या बाकावरची बाई उठूनच उभी राहिली. "या रिमोटनं क्लबाच्या फाटकाबाहेरची गाडी हलत नाही. धरणावर ती वळवत होतं कोण?"