उजवा हात

आमच्या लॉन्ड्रीत मी इस्त्रीला, आणि शेजारच्या टेबलावर नुकतंच लग्न झालेली एक पोरगी. तिच्या लोकांत घरातली वस्तू हरवली की सुनेचा तळहात तापल्या तव्यावर टेकवतात. फोड आला की ती चोर. आता फोड येणार नाही तर काय फुलं उगवणार? सासूच्या हरवलेल्या अंगठीपायी हिचा डावा हात भाजून झाला होता. तरी अंगठी काही मिळेना, म्हणून रविवारी उजवा ठरला.

"मावशी, मला घरी पाठवू नका," एवढंच म्हणाली.

मी तिला माणसांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नेलं. तिथल्या बाई शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या. हात बघून हळहळल्या आणि म्हणाल्या, प्रत्येक समाजाची न्यायाची आपली रीत असते, बाहेरून आपण नावं ठेवू नयेत, संवाद साधू. आणि संवादाला बोलावलं कोणाला, तर सासऱ्याला! त्या लोकांत सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, हे मी कानीकपाळी ओरडून सांगितलं. बाईंनी त्याच्या देखतच तिला पुन्हा पुन्हा विचारलं, तुझी काही तक्रार आहे का. पोरगी जमिनीकडे बघत राहिली. बाईंना वाटलं, मिटलं.

हिला माझ्याकडे ठेवते म्हटलं, तर बाई म्हणे आपण कुटुंबं तोडत नसतो. माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यात चहाची शेगडी तापलेली होती. मी बाईंचं मनगट धरून तिकडे ओढलं. त्यांनी असा हिसडा दिला की खुर्ची पालथी झाली.

"का हो? रीतच आहे की," मी म्हटलं.

"माझी गोष्ट वेगळी आहे," बाई म्हणाल्या.

पहारेकऱ्याने मला बखोटीला धरून बाहेर काढलं. सासरा बाईंचे आभार मानून, सुनेला पुढे घालून घरी गेला.

सोमवारी ती कामावर आली, दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. असल्या हातांचं मी काय करू, म्हणत मालकाने दारातूनच तिला वाटेला लावलं. मी इस्त्री टाकून तिच्यामागे धावले. सासरच्यांना, त्या बाईंना, सगळ्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. म्हटलं, चल, आत्ताच पोलिसांत जाऊ, माझ्या जिवाची आग होतेय.

तिने मान हलवली.

"नको मावशी. दोन्ही हातांना फोड आले," ती म्हणाली. "अंगठी मीच घेतली असणार."