वळणावरचे पट्टे

गल्लीबोळातले रस्ते नगरपालिकेच्या अखत्यारीत होते. त्यातल्या कुठल्या रस्त्यावर पायी ओलांडायचे पट्टे मारायचे आणि कुठले खोडायचे, हे ठरवायचं काम त्याचं. बायको गेल्यापासून तो ऑफिसातच जास्त रमायचा. घरी बोलायला भिंती होत्या. इथे निदान तक्रारी तरी होत्या.

त्या दिवशी शिपाई आत आला. "साहेब, चष्म्याच्या दुकानाचे मालक आलेत. वळणावरच्या पट्ट्यांचं काहीतरी म्हणतायत."

दारात दादा उभा होता. त्याचा सख्खा थोरला भाऊ. आईच्या शेवटच्या आजारपणात हा धाकटा कामाचं निमित्त सांगून फिरकला नाही, तेव्हापासून दादाने बोलणं टाकलं होतं.

तो खुर्चीतून उठलाच. "दादा, ये ना, बस. चहा सांगतो."

"चहा नको, साहेब," दादा उभ्याउभ्याच म्हणाला. "दुकानासमोरचे पट्टे पुसणार म्हणे तुम्ही. माझी निम्मी गिऱ्हाइकं पलीकडून येतात. म्हातारी माणसं, त्यात डोळे अधू. कुठून यायचं त्यांनी?"

साहेब तर त्याला सगळेच म्हणायचे. आज तो शब्द काळजात रुतला.

"मी स्वतः येऊन बघतो. वहिनी कशी आहे?"

"बघा तुम्ही," एवढं म्हणून दादा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो पट्ट्यांपाशी जाऊन उभा राहिला. वळण असं होतं, की गाडी अंगावर येईपर्यंत दिसायचीच नाही. काठी टेकत एक आजी निघाल्या आणि एक टेम्पो करकचून ब्रेक मारत त्यांच्या पुढ्यात थांबला. ड्रायव्हर पांढराफटक. आजींनी उलट त्यालाच फैलावर घेतलं, "डोळे तपासून घे मेल्या, समोरच दुकान आहे!" लोक हसले. त्याला हसू आलं नाही.

पट्टे ठेवले असते, तर दादा कदाचित पुन्हा 'अरे' म्हणाला असता. मन फार ओढ घेत होतं. तरी त्याने सही केली: इथले खोडायचे, पुढे सरळ रस्त्यावर नवे मारायचे. फोन करून दादाला कारणही सांगितलं.

"अधिकार तुमचा," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

खोडायच्या दिवशी तो मुद्दाम हजर राहिला. यंत्र पांढरा रंग खरवडत होतं. दादा काचेआड पाठ करून बसला होता. थोड्या वेळाने वहिनी पाणी घेऊन बाहेर आली. मजुरांना दिलं, मग एक पेला त्याच्यापुढे धरला.

"भाऊजी, जेवता ना वेळेवर?" तिने हळूच विचारलं.

"हो," तो खोटं बोलला.

आतून दादाने तिला हाक मारली. रिकामा पेला घेऊन ती लगबगीने गेली. दार लागलं.

रस्ता काळा झाला. एक बाई सवयीने तिथूनच ओलांडायला निघाल्या.

"इथून नाही, पुढून," त्याने सांगितलं, आणि नव्या पट्ट्यांपर्यंत तो त्यांच्यासोबत चालत गेला.