कौसल्याबाईंची पाण्याची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. पण बाजारहाटाची नव्हे. माझ्यात कोमट पाणी भरतात. खालून लांब नळी निघते आणि तिच्या टोकाला मऊ, निमुळतं तोंड असतं. नाक मुरडू नका, माझं काम आधी ऐकून घ्या.

बाभुळगावजवळच्या एका खेड्यातल्या कौसल्याबाईंना आतड्याचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी ऑपरेशन करून शौचाची वाट पोटाच्या डाव्या बाजूला काढली. तिथे चिकटवायची पिशवी मिळाली, पण ती घामानं सुटायची. कौसल्याबाईंचा सारा जीव कापूस वेचण्यात, बायांच्या रांगेत गप्पा मारण्यात. वासाच्या भीतीनं त्या घरीच बसल्या. मग दवाखान्यातल्या सिस्टरनं मला त्यांच्या हाती दिलं. सकाळी मला खांद्याइतकं उंच टांगायचं, त्या वाटेनं हळूहळू पाणी आत सोडायचं. आतडं रिकामं झालं, की दुसऱ्या सकाळपर्यंत पोट शांत!

तेव्हा माझा काय तोरा होता! देवाला जोडावे तसे त्या मला हात जोडायच्या. त्या पुन्हा वेचायला जाऊ लागल्या. कमरेला ओटी बांधायच्या आणि ती कापसानं गच्च भरेपर्यंत सोडायच्या नाहीत. ते ओझं पोटाला ओढतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग पोट डावीकडे फुगू लागलं. शेजारची बबिता कौतुकानं म्हणाली, "काकू, आता कसं अंग धरलं तुमी!"

"हो वं, घास गोड लागून राह्यला आता," कौसल्याबाई हसल्या. नवरा बाबारावही खूश झाले.

तो फुगा निजल्यावर बसायचा आणि खोकल्यावर वर यायचा. मी रोज पाहत होते. पण मला कुठली वाचा? पुढे पुढे मी दिलेलं पाणी आतच अडकू लागलं, पोटात कळा येऊ लागल्या. आणि एके दिवशी भर शेतात, सगळ्यांच्या देखत, ते सारं बाहेर आलं. ओटीतला कापूस घाण झाला. बाया आपापल्या ओळीत पुढे सरकल्या. कौसल्याबाई एकट्याच घरी आल्या.

डॉक्टर म्हणाले, "हा हर्निया आहे. आतडं आत वाकलंय. आता पाणी द्यायचं नाही, आतडं फाटेल. पट्टा बांधा, चिकटपिशवी लावा. ओझं बंद."

"ऑपरेशननं नीट होईन ना?" बाबारावांनी विचारलं.

"केलं तरी पुन्हा होऊ शकतो."

"मंग माह्यं वेचणं?" कौसल्याबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी कागदावर पट्ट्याचं माप लिहून दिलं.

घरी येऊन त्यांनी दार लावलं आणि मला टांगलं. "एकडाव पाहू दे मले." मी पाणी सोडलं. मला ते अडवता येत नाही हो! त्या कळवळून खाली बसल्या. बाबारावांनी दार ढकलून माझी नळी दाबली आणि मला तुरीच्या कोठीत लपवलं.

मित्रांनो, आजारातून उठलेल्या माणसाचं पोट असं एका बाजूनं फुगलं, तर कौतुक करू नका, डॉक्टरांना दाखवा. मला जपा, असं मात्र मी म्हणणार नाही. आज यंदाचा पहिला वेचा आहे. बबिता हाक न मारताच दारावरून पुढे गेली. कौसल्याबाई घरभर मला शोधत आहेत. मी कुठे आहे, ते त्यांना सांगू नका.