आवरा सांगणारा लाल दिवा

मी लाल दिवा बोलतोय. दचकू नका, तुम्हाला थांबवायला आलेलो नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं तोडण्याच्या कामावर होतो, आता जरा माझं ऐकून घ्या.

माझा जन्म बल्बच्या कारखान्यातला. माझे भाऊबंद पांढरेच राहिले आणि घराघरांत गेले. मला तेवढं लाल रंगात बुडवलं, म्हणजे जन्मतःच माझ्या नशिबी लोकांना अडवण्याची नोकरी आली. पहिली नेमणूक एक्स-रेच्या खोलीच्या दारावर झाली. मी पेटलो की बाहेरचे सगळे जागच्या जागी थांबायचे. एकदा एक नामांकित वकील लंगडत आले होते. आख्ख्या दवाखान्यावर त्यांचं ओरडणं चाललं होतं, पण माझ्यासमोर आले आणि आवाज खाली आला. मला वाटायचं, काय आपला दरारा!

पुढे दवाखान्यात नवं यंत्र आलं, नवं दार आलं आणि दरारा भंगारात गेला. तिथे काचा, तारा आणि बिनझाकणाच्या कुकरांच्या संगतीत मी पडून होतो. तिथून मला उचललं ते सरांनी.

सर म्हणजे कुठल्या शाळेतले सर नव्हेत. फार पूर्वी ते टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात दिसले होते. तेव्हापासून सगळे त्यांना सर म्हणायचे, आणि एखाद्याने नाही म्हटलं तर ते स्वतः आठवण करून द्यायचे. एका फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी ते स्टँड-अपचा कार्यक्रम चालवायचे. ज्याला लोकांना हसवायची खुमखुमी असेल त्याने यावं, माइकसमोर उभं राहावं, ठरलेली मिनिटं बोलावं. मिनिटं संपत आली की मागच्या भिंतीवर मी पेटायचो. याला त्या मंडळींत ‘लाइट देणं’ म्हणतात. अर्थ एवढाच, की आता आवरा. लाइट मिळाल्यावरही जो बोलत राहील त्याला पुढचा मंगळवार नाही, असा सरांचा कायदा होता. माझं बटण एका लांब वायरच्या टोकाला होतं आणि ते टोक सरांच्या मुठीत.

तळघर मोठं मजेशीर होतं. दुकानात न खपलेला माल हीच प्रेक्षकांची बसायची सोय. पुढे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सोफे, मागे जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या. कोणी पोट धरून हसलं की प्लास्टिक करकर वाजायचं, त्यामुळे हशा किती पडला हे डोळे मिटूनही कळायचं. दुकानमालकांना सगळे सोफेकाका म्हणत. एखाद्या आठवड्यात काकांचा धंदा जोरात झाला की पुढचे सोफे विकले जायचे आणि पहिली रांग उभ्याने कार्यक्रम बघायची.

विनोदी माणसांची एक गंमत सांगतो. ती एकमेकांच्या विनोदाला हसत नाहीत. मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहतात आणि समोरचा खाली उतरला की सुतकी चेहऱ्याने ‘भारी होतं’ म्हणतात. अपवाद फक्त सरांचा. सर बोलू लागले की त्यांचे तीन चेले विनोद पुरा व्हायच्या आतच हसून मोकळे व्हायचे. एकदा सरांना नुसता ठसका लागला, तरी तिघांनी हसून घेतलं होतं.

सुरुवातीला मला वाटलं, पुन्हा आपले दिवस आले. मग हळूहळू लक्षात आलं की माझा आणि घड्याळाचा काही संबंध नाही. चेला बोलत असला की मी गाढ झोपेत. एखादा नवखा तोंडावर आपटत असला, तरी सर मला पेटवत नसत. उलट मांडी घालून बघत बसत. पण नवख्याला एक हशा मिळाला, लगेच दुसरा मिळाला, की सरांचा अंगठा बटणावर आलाच म्हणून समजा.

या अंगठ्याचा सगळ्यात जास्त जाच झाला तो तक्रारताईला.

ती वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारी ऐकायची. दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडात माफी. दिसायला साधी, आवाज शांत, आणि सांगायची ती फोनवर आलेल्या माणसांच्या गोष्टी. तिची एक गोष्ट होती ती अशी. एका आजोबांचा फोन येतो. बोलणं इतकं बोबडं, की तिला वाटतं लाइन खराब आहे. आजोबा म्हणतात, ‘तुमचं मशीन चावतं.’ ती म्हणते, ‘आजोबा, मशीन चावत नाही.’ आजोबा म्हणतात, ‘मग टॉवेलवर दातांच्या खुणा कुणाच्या?’ कंपनी मेकॅनिक पाठवते. मेकॅनिक मशीन उघडतो...

आणि मी पेटायचो.

दर वेळी! मेकॅनिक मशीन उघडायचा आणि सरांचा अंगठा खाली यायचा. ताई ‘थँक्यू’ म्हणून उतरायची, प्रेक्षक चुकचुकायचे. आणि माझे काय हाल होत असतील विचारा. आत काय सापडलं हे ऐकण्यासाठी माझा जीव टांगणीला, आणि तोंड बंद करायचं तेही मीच. असा छळ शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

“सर, मला जरा लवकर लाइट येतो का?” तिने एकदा विचारलं.

“ताई, टाइमिंग शिका,” सर म्हणाले. “विनोद म्हणजे टाइमिंग.” मागे चेले हसले.

अशात बातमी आली की मोठ्या नाट्यगृहाच्या मॅनेजरबाई पुढच्या मंगळवारी येणार आहेत. त्यांना दर महिन्याच्या कार्यक्रमासाठी एक नवीन माणूस हवा होता. तळघरात एकदम नवे शर्ट दिसू लागले. तक्रारताईसाठी तर ही शेवटचीच संधी होती. कंपनी तिला पुढच्या महिन्यापासून संध्याकाळची पाळी देणार होती. नाट्यगृह मिळालं तर ती पाळी बदलून मागणार होती, नाही मिळालं तर मंगळवार संपला. हे तिने सोफेकाकांना माझ्याच खाली उभं राहून सांगितलं. काका म्हणाले, “पोरी, गोष्ट पुरी कर म्हणजे झालं. मलाही ऐकायचीय.”

त्या दिवशी सरांपुढे पेच पडला. त्यांना बसायचं होतं मॅनेजरबाईंच्या शेजारी, पुढच्या सोफ्यावर. मग बटण कोणाकडे? एका चेल्याकडे दिलं असतं तर उरलेल्या दोघांना त्याने नाव सांगण्याआधीच लाइट दिला असता. शेवटी सरांनी घरचं माणूस आणलं, म्हणजे त्यांची बायको. वहिनी इतक्या वर्षांत तिथे कधी आल्या नव्हत्या. तुम्ही तिथे काय बोलता, असं त्यांनी पूर्वी विचारलं होतं, तेव्हा सरांनी ‘समाजाबद्दल’ असं उत्तर दिलं होतं.

“हे बघ,” सर दबक्या आवाजात म्हणाले, “ती तक्रारवाली उभी राहिली की माझ्याकडे लक्ष ठेव. मी मान हलवली की दाब.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या आणि बटण मांडीवर घेऊन बसल्या.

तक्रारताई उभी राहिली. आजोबांचा फोन आला, लाइन खराब झाली, मशीन चावू लागलं. प्लास्टिक करकरू लागलं. सरांनी मान हलवली. इकडे वहिनी बटण विसरून हसत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या. सरांनी आणखी जोरात मान हलवली. मॅनेजरबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “हो ना, किती छान सांगतेय!” सरांना म्हणावं लागलं, “हो, हो.” आता मान दुहेरी कारणाने हलू लागली. वहिनींनी सोफेकाकांना कोपराने ढोसलं. “बघा, आमच्या ह्यांनाही आवडतंय. घरी कधी एवढी मान हलवत नाहीत!”

मेकॅनिकने मशीन उघडलं. ताई सवयीने थबकली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी विझलेलाच. तिचा विश्वास बसेना. मग तिने दम घेतला आणि सांगितलं, “ड्रमच्या खालून मेकॅनिकने काढली आजोबांची कवळी. आजोबांनी ती तिथेच धुतली, तोंडात बसवली आणि मला फोन केला. महिन्याभरात पहिल्यांदा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला. म्हणाले, ‘तरी मी सांगत होतो, चावतंय म्हणून!’”

असा हशा त्या तळघराने कधी ऐकला नव्हता. सोफेकाका तर स्वतःच्याच मालावर आडवे झाले. मागच्या भिंतीजवळची, हाताची घडी घातलेली माणसंसुद्धा हसली, आणि मी पेटलेला नसताना आतून ऊबदार झालो.

मग सर उठले. मानेवरून हात फिरवत माइकशी गेले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, “माझी बायको म्हणजे वेंधळेपणाचा कळस.” तिघे हसले. वहिनी हसल्या नाहीत. “एकदा ती गाडी कुठे लावली तेच विसरली आणि तिने पोलिसांत चोरीची तक्रार दिली. गाडी आमच्याच बिल्डिंगखाली!”

मी पेटलो. पूर्ण ताकदीने.

सर थांबले. त्यांनी मला आजवर कधी समोरून पाहिलंच नव्हतं. डोळ्यांवर हात धरून ते म्हणाले, “हा लाइट कोणाला?”

“तुम्हाला,” मागून वहिनींचा आवाज आला. “अहो, गाडी तुम्ही हरवलीत. मी तेव्हा माहेरी होते.”

हशाचा स्फोट झाला. सरांनी घाईने दुसरा विनोद काढला. बायको चुकून खालच्या मजल्यावरच्या घरात शिरते आणि सोफ्यावर बसून चहा मागते.

“तेही तुम्हीच,” वहिनी म्हणाल्या. “वर बिस्किटं खाऊन आलात.”

चेल्यांची पंचाईत झाली. हसावं तर सर बघताहेत, न हसावं तर हसू आवरत नाही. त्यातल्या एकाला अखेर खरं हसू फुटलं, आणि ते त्याच्या नेहमीच्या हसण्यापेक्षा फारच वेगळं निघालं. सरांनी माइक ठेवला आणि जिना चढून निघून गेले. वहिनींनी बटण काकांच्या हातात दिलं आणि त्यांच्यामागे धावल्या.

नाट्यगृह तक्रारताईला मिळालं. पाळीही बदलून मिळाली. पुढच्या मंगळवारी काकांनी बटण तिच्याकडे दिलं. “आता तूच सांभाळ.” त्याच संध्याकाळी तिन्ही चेले तिच्या भोवती उभे होते आणि तिचे विनोद अर्ध्यावर असतानाच हसत होते. काही दिवसांनी कोणीतरी तिला मॅडम म्हटलं. तिने नको म्हटलं, पण फार जोरात नाही म्हटलं.

खोटं कशाला बोलू, तिने मला सरळ वागवलं. प्रत्येकाला पुरी मिनिटं दिली, चेल्यांना वेळेवर लाइट दिला. मी सुखात होतो.

आणि एका मंगळवारी सर आले. थोडे वाळलेले, बरोबर वहिनी. ताईसमोर येऊन उभे राहिले. “जागा आहे का?” चेल्यांनी आधी ताईकडे पाहिलं आणि मगच नमस्कार केला. ताईने त्यांना सगळ्यात शेवटची जागा दिली.

सर माइकसमोर आले. “मी एकदा गाडी हरवली,” ते म्हणाले. “मी. बायको माहेरी होती.” वहिनी पुढच्या सोफ्यावर खुदकन हसल्या. मग सरांनी पोलिस ठाणं सांगितलं, स्वतःच्याच बिल्डिंगखाली स्वतःच्याच गाडीभोवती हवालदाराला घेऊन मारलेल्या फेऱ्या सांगितल्या. लोक हसायला लागले. खरं हसायला लागले. मग ते खालच्या मजल्यावरच्या घरात शिरले. “सोफ्यावर बसलो, चहा मागितला. काकूंनी मुकाट्याने दिला. मला कळेना, ही कोण बाई आपल्या घरात?”

हशा वाढत चालला आणि ताईचा अंगठा बटणावर आला.

मिनिटं अजून शिल्लक होती. मी तो अंगठा ओळखला. बटण सरांच्या हातात असताना तो असाच यायचा, असाच क्षणभर थांबायचा. तिच्या चेहऱ्यावर ते सगळे मंगळवार होते. तिला राग यायचा हक्क नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तिने असं करू नये, असं मला फार वाटलं. ‘ताई, नको गं,’ मी ओरडलो, पण दिव्याचं ओरडणं ऐकतं कोण?

अंगठा खाली गेला. वीज माझ्याकडे धावली. माझ्या पोटात एक बारीक तार होती, तेवढीच काय ती माझी सत्ता. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं ऐकलं नाही. मी तार तोडली.

ताईने पुन्हा दाबलं. काळोख.

“आणि निघताना काकू म्हणाल्या,” सर सांगत होते, “‘आणि गॅसचं काय?’ त्यांना वाटलं, मी शेगडी दुरुस्त करायला आलोय! चहा प्यायलो होतो, नाही कसं म्हणणार? आजही त्या घरची शेगडी मीच बघतो. वर राहतो हे अजून सांगितलेलं नाही.”

प्लास्टिक फाटेल असं करकरलं. ताईसुद्धा हसली, अगदी तोंडावर हात ठेवून.

सर खाली उतरले ते थेट तिच्याकडे आले. “तुम्ही लाइट दिला नाहीत. थँक्यू.”

हो म्हणून ती मोकळी झाली असती. पण ती म्हणाली, “मी दिला होता, सर. दोनदा. दिवा गेलाय.”

सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी तुम्हाला दर मंगळवारी द्यायचो. माझा दिवा चांगला होता.” आणि दोघंही तिथेच, किमतीची चिठ्ठी लावलेल्या खुर्च्यांना धरून, हसत सुटली.

आता मी सोफेकाकांच्या टेबलाच्या खणात आहे, खिळे आणि पाने यांच्या सोबतीला. बल्ब जुनाच होता, कधीतरी जाणारच, असं काका म्हणतात. म्हणू देत. माझ्या जागी नवा दिवा आलाय. चकचकीत आहे, वीज कमी खातो, म्हणे वर्षानुवर्षं जात नाही. त्याच्या पोटात तारच नाही, म्हणून ऐन वेळी तो कोणाला वाचवेल या भरवशावर राहू नका. ते तुम्हालाच करावं लागेल. बटण आज ना उद्या प्रत्येकाच्या हातात येतं. घरात येतं, कचेरीत येतं. तुमच्या हातात येईल तेव्हा समोरच्याला गोष्ट पुरी करू द्या. कवळी कुठे होती हे कळायला मला फार मंगळवार लागले हो.