कोठीतला मागचा माणूस

“भाईसाहब, हीरो इधर है. आप उधर क्या देख रहे हैं?” शेजारच्या सरोज मिश्रांनी विचारलं आणि देवस्थळींच्या खोलीत हशा पिकला.

हणमंतरावही हसले, पण नजर काही हलवली नाही. पडद्यावर नवाबसाहेबांची धाकटी मुलगी हिऱ्याची अंगठी परत करत होती. खोलीतल्या बायकांचे पदर डोळ्यांपर्यंत पोचायच्या बेतात होते आणि हणमंतराव बघत होते ते तिच्या पाठीमागे, भिंतीशी तबक घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या नोकराकडे. तो पहिल्या भागापासून तिथेच उभा होता. “आज चौदावा भाग, अजून त्याला कुणी बस म्हनलं न्हाई,” असं त्यांनी गेल्या रविवारी बोलूनही दाखवलं होतं. तेव्हाही सगळे असेच हसले होते.

सकाळी दहाला ही मालिका लागली की जानकीपुरमच्या त्या गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नसे. मालिकेचं खरं नाव लांबलचक होतं, गल्ली तिला नुसतं ‘कोठी’ म्हणे. रंगीत टीव्ही उल्हासराव देवस्थळींकडे, म्हणून सगळा दरबार तिथे. उल्हासराव बँकेत कॅशियर. हणमंतराव जाधव त्याच शाखेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन बसायचे. मूळचे खटाव तालुक्यातले, फौजेतून निवृत्त झाले ते लखनौच्या छावणीतून, आणि नोकरी मिळाली म्हणून बायकोला आणि लहानग्या मुलीला गावाहून आणून इथेच राहिले.

कोठीत मालक चार आणि नोकर तीस. पण बघणाऱ्यांत सगळेच मालकांचे वारस निघाले होते. सरोज मिश्रांच्या नानांकडे म्हणे वीस नोकर होते. मधुमती देवस्थळींचे पणजोबा कुठल्याशा संस्थानात कारभारी, त्यांना हुक्का भरून द्यायला वेगळा माणूस. समोरच्या श्रीवास्तवांची आजी पालखीतून माहेरी जायची. पालखी उचलणाऱ्यांचा नातू मात्र गल्लीत एकही नव्हता. ते बिचारे निर्वंश झाले असावेत.

दाराशी लता बसली होती, हणमंतरावांची एकुलती एक. एकोणीस वर्षांची, गाल फुगवून. बापलेकीत तीन आठवडे अबोला चालला होता. तिला हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करायचा होता, मार्क चांगले होते, फॉर्म भरून तयार होता आणि त्यावर बापाची सही तेवढी हवी होती. उद्या शेवटची तारीख. “लोकांची उष्टी उचलाय न्हाई शिकवलं तुला,” एवढं एक वाक्य बोलून हणमंतरावांनी विषय मिटवला होता. का, कशासाठी, काही नाही. तिच्या आईने, विजयाबाईंनी, लेकीची बाजू घेऊन पाहिली, रडून पाहिलं, मटणात मीठ कमी घालून पाहिलं. पण हणमंतराव ढिम्म.

आजच्या भागात कोठीवर इंग्रज कमिशनर जेवायला आला होता. लांबलचक टेबल, मेणबत्त्या, पांढरे हातमोजे घातलेले नोकर. “काय थाट आहे बाई,” मधुमतीबाई म्हणाल्या. तेवढ्यात त्या म्हाताऱ्या नोकराने मोठी बशी घेऊन कमिशनरच्या उजव्या बाजूने वाकून वाढायला सुरुवात केली. साहेबाचं कोपर बशीला लागलं, रस्सा गोऱ्या मेमच्या झग्यावर सांडला आणि खोलीभर हास्याचा स्फोट झाला.

“उजवीकडनं न्हाई,” हणमंतराव म्हणाले. “डावीकडनं वाढायचं. उचलायचं तेवढं उजवीकडनं. इतका जुना मानूस असं करनार न्हाई. हे चुकीचं दाखवलंय.”

बोलताबोलता ते उठून उभे राहिले होते. त्यांचा उजवा हात आपसूक पाठीमागे कमरेवर गेला होता आणि डाव्या हातात नसलेली बशी तोललेली होती. हे त्यांना सोडून सगळ्यांना दिसलं.

“अरे भाईसाहब, नौकर है, गलती हो गई,” सरोज मिश्रा डोळे पुसत म्हणाल्या. “नौकर को कौन देखता है?”

“देखते हैं, बहनजी. चुकलं की तेवढंच बघत्यात.”

उल्हासराव जरा पुढे सरकले. माणूस भला, शिवाय बँकेत रोज सलाम घेणारा. त्यांनी सांभाळून घेण्यासाठी दोर टाकला, “हणमंतराव, तुम्ही ऑफिसर्स मेसमध्ये होता वाटतं?”

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागत होतं. मेस म्हणजे फौजच. हणमंतरावांनी हात खाली सोडला. पोरगी दाराशी बसून आपल्याकडे टक लावून बघते आहे, हे आता त्यांच्या लक्षात आलं होतं.

“न्हाई साहेब,” ते म्हणाले. “कर्नलसाहेबांच्या घरी. ऑर्डर्ली होतो. अकरा वर्सं वाढलंय.”

पडद्यावर कमिशनर हसून सगळं माफ करत होता. खोलीत मात्र पुढचा प्रसंग कुणीच नीट पाहिला नाही. मधुमतीबाई चहा टाकायला उठल्या, खरं तर नुकताच झाला होता. हणमंतराव “येतो वहिनी” म्हणाले आणि भाग संपायच्या आत निघाले. मागोमाग लताही उठली.

घरी विजयाबाई रश्शाला फोडणी देत होत्या. लताने दारातूनच सांगितलं, “मम्मी, पापा कर्नल के घर में खाना परोसते थे.”

“काय बोलतीस? ते हापिसात होते.”

“हापिस न्हवतं,” हणमंतराव खुर्चीत बसत म्हणाले. “तुमी गावाकडं होता, मी कागदात लिवायचो हापिस. बूट पुसायचे, पोरांना शाळंत सोडायचं, पार्टी असली की वाढायचं. बंदूक बी चालवायला येत हुती मला, पन अकरा वर्सं हातात बशीच हुती.”

विजयाबाईंनी गॅस बारीक केला. त्यांना राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. त्या म्हणाल्या, “मग ते सांगायला काय झालं हुतं?”

“एकदा पार्टीला एक मोठा साहेब आला हुता. जाताना आमच्या साहेबांना म्हनला, तुमचा मानूस इतका चांगला हाय, खोलीत हाय हे कळतसुदिक न्हाई. साहेब खूश झाले. मी बी खूश झालो. मग झोपताना वाटलं, म्हंजी मी न्हवतोच की तिथं.” ते लताकडे वळले. “म्हनून तुला नको म्हनतोय. दुसरं काय न्हाई.”

लता त्यांच्या समोर जमिनीवर बसली. तीन आठवड्यांत ती बापाच्या इतक्या जवळ आली नव्हती.

“मैं दिखूँगी, पापा,” ती म्हणाली. “और आवाज़ भी आएगी मेरी.”

“आवाजाचं सांगू नकोस,” विजयाबाई म्हणाल्या. “तो आताच अलीगंजपातुर जातोय.”

हणमंतराव हसले. भीती काही गेली नव्हती. पण ज्या गोष्टीपायी ते नाही म्हणत होते ती आता तिला माहीत होती आणि तरीही तिला जायचं होतं. “आन तो कागद,” ते म्हणाले.

सही झाली. शाई वाळायच्या आत लताने फॉर्म उचलला आणि दुसऱ्या दमात म्हणाली, “अब सिखाइए. इंटरव्यू में पूछेंगे.”

मग लताच्या अभ्यासाच्या टेबलावर धुतलेली चादर पडली. काटे नव्हते, म्हणून डावीकडे एक चमचा काटा झाला आणि उजवीकडे कांदा चिरायची सुरी आली, धार आत. हणमंतरावांनी बाह्या सारल्या. कोपर अंगाशी, वाकायचं कमरेतून, बशी पाहुण्याच्या ताटाच्या जवळ न्यायची, पाहुण्याला बशीकडे यायला लावायचं नाही. त्यांचा आवाज बदलला होता. सांगताना ते लाजत नव्हते. हे काम आपल्याला फार चांगलं येतं, हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी दाखवलं होतं.

“अब आप बैठिए,” लता म्हणाली. “मैं परोसती हूँ.”

ते खुर्चीत बसले, तेही अगदी काठावर. लता स्वयंपाकघरातून रश्शाचं भांडं घेऊन आली, डावीकडून, कोपर अंगाशी. हणमंतराव चटकन उठून भांडं धरायला गेले.

“पापा, बैठे रहिए.”

ते बसले. ती पुन्हा वाकली आणि ते पुन्हा अर्धे उठले. विजयाबाई दारात पदर तोंडाशी धरून हसत होत्या, हसताहसता थांबल्या.

“हात कुठं ठेवायचे?” हणमंतरावांनी विचारलं.

“गोद में, पापा.”

त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, पाठ ताठ केली आणि समोरच्या भिंतीकडे बघत लेक वाढेपर्यंत बसून राहिले.